पहाट अडवणाऱ्या बाया

लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये कुठंतरी गचका देऊन थांबली, दिवा गेला, आणि साबिन द्रागोताच्या तोंडून एक शिवी निसटली. तशी ती फार वाईट शिवी नव्हती. तिच्यात कुणाची आईबहीण नव्हती. एक मेणबत्ती होती, एक चर्चची घंटा होती, आणि दोघींचं एकमेकींशी भलतंच नातं जोडलेलं होतं. रुमानियात गोर्झच्या डोंगरात पोरं ही शिवी दुधाबरोबर शिकतात. पण साबिन आता पोर राहिला नव्हता. साठी उलटलेला, घरातसुद्धा टाय बांधून बसणारा संगीतकार होता. त्याच्या रचना पॅरिसात वाजत, कोलोनच्या एका प्राध्यापकानं त्याच्यावर उशाला घेता येईल एवढं जाड पुस्तक लिहिलं होतं, आणि गेली चाळीस वर्षं तो बुखारेस्टची इतकी घोटीव भाषा बोलत आला होता की रेडिओवरची निवेदिका त्याच्यासमोर अडखळायची. माणूस भाषा बदलतो, कोट बदलतो, बायको बदलतो (साबिननं तिन्ही करून पाहिलं होतं), पण पायाखालची जमीन हलली की जीभ कुणाला न विचारता आपल्या गावी निघून जाते.

"गोर्झचे दिसता, मास्तर," अंधारातून आवाज आला.

आपण लिफ्टमध्ये एकटे नाही हे तो विसरूनच गेला होता. खाली त्याच्याबरोबर वेता चढली होती, नवव्या मजल्यावरची, ट्राम चालवणाऱ्या पात्रुची बायको. हातात फडक्यात बांधलेलं मोठं पातेलं होतं. त्यानं मान हलवली होती आणि लिफ्टमध्ये सगळे बघतात तसं छताकडे बघितलं होतं. पात्रु दोन दिवसांमागं गेला. इमारतीच्या दारावर काळ्या चौकटीतला कागद लागला होता, तो साबिननं वाचला होता, आणि मग जाता-येता न वाचल्यासारखं करून त्याच्या शेजारून गेला होता.

"माफ करा, वेताबाई. वर यायला हवं होतं मी."

"काम असतं माणसाला. तुमचा पियानो ऐकू येतो की वर. पात्रु म्हणायचा, मास्तर रोज जिना चढतात आणि रोज त्याच पायरीवर थांबतात. म्हणायचा, वरती काय वाघ बसलाय का?" ती खाली टेकल्याचा आवाज आला, मग पातेलं फरशीवर ठेवल्याचा. "वीज काही लवकर येत नाही आता. बसा तुम्हीपण. मला घाई आहे ती वेगळीच. उद्या पात्रुला न्यायचंय, आणि पहाट म्हणायला बाई मिळत नाही."

अंधारात उकडलेल्या गव्हाचा वास पसरला होता. गहू, साखर, कुटलेले अक्रोड, लिंबाची साल. मेलेल्याच्या नावानं सगळ्यांना चमचा-चमचा द्यायचं ते. वासानं त्याला अर्ध्या वाटेपर्यंत नेलंच होतं. पण 'पहाट म्हणायला' हे दोन शब्द मयताच्या घरच्या माणसाच्या तोंडून त्यानं पंचावन्नएक वर्षांत ऐकले नव्हते, आणि लिफ्ट जिथल्या तिथं असताना त्याला पुन्हा एकदा गचका बसल्यासारखं झालं. तो सावकाश खाली बसला. टायसकट. लिफ्टच्या लोखंडी भिंतीला पाठ लागली आणि ती भिंत गार नव्हती, कोमट होती, मातीची होती, घर उबवणाऱ्या भट्टीच्या कडेची होती. तो सहा वर्षांचा होता. मधल्या खोलीत आई होती, टेबलावर, नव्या कापडाखाली. आरशांवर चादरी टाकलेल्या. मावशीनं त्याला उचलून भट्टीच्या कडेवर बसवलं होतं आणि कानात सांगितलं होतं, झोपायचं नाही बरं, बाया पहाट म्हणून संपवेपर्यंत जागं राहायचं. आई वाटेत वळून बघेल तेव्हा तिला आपलं पोर जागं दिसलं पाहिजे. बाहेर घराच्या उगवतीच्या कोपऱ्याशी पाच बाया उभ्या होत्या, हातांत मेणबत्त्या, तोंडं डोंगराकडे. आणि त्या पहाटेला अडवत होत्या. पहाटबायांनो, बहिणींनो, म्हणत होत्या, एवढ्यात वर येऊ नका. अजून तिची भाकरी भाजायचीय. अजून तिच्या शालीचा काठ राहिलाय. अजून तिला वाट विचारायचीय, थांबा. चाल एकच होती पण पाचांतली एकही दुसरीला चिकटून चालत नव्हती. पायवाटेनं बाजाराला निघालेल्या बायांसारख्या: एक पुढं, एक काटा काढायला थांबलेली, एक तिला हाक मारणारी. त्यातून जो आवाज उठत होता तो त्यांच्या तोंडातून येतोय असं वाटतच नव्हतं. तो कुंपणातून येत होता. विहिरीतून येत होता. डोंगरातून येत होता. सहा वर्षांच्या साबिनला स्पष्ट दिसलं होतं की डोंगरामागं पहाट खरोखर उभी आहे, तोंडावर पदर धरून, आणि ऐकतेय, आणि तिची टाप नाही पाय उचलायची.

आणि मग तिथं भोक होतं. एका बाईच्या तोंडचा अर्धा शब्द, आणि लगेच तोंडावर ऊन, चिडीचूप शांतता, बाया मेणबत्त्या विझवून भाकरी मोडून खातायत. मधलं काही नाही. मधलं तो झोपला होता. किती वेळ, देव जाणे. गाणं संपलं, आई वाटेला लागली, तिनं वळून बघितलं, आणि पोर भट्टीवर घोरत पडलं होतं. हे त्यानं मावशीला सांगितलं नव्हतं, दोन्ही बायकांना सांगितलं नव्हतं, कोलोनच्या प्राध्यापकाला तर नव्हतंच नव्हतं.

आता गंमत बघा. या माणसाच्या एकाही रचनेला शेवट नव्हता. तारवाद्यांची घ्या, नुसत्या बासऱ्यांची घ्या, ती चोवीस आवाजांची मोठी घ्या. सगळ्या चालत चालत एका जागी यायच्या आणि कडा तुटल्यासारख्या थांबायच्या. पॅरिसात म्हणाले, काय धाडस, यानं शेवटाचं बंधनच झुगारून दिलं. प्राध्यापकानं त्यावर तीन प्रकरणं लिहिली. त्यात विश्व होतं, अनंत होतं, युरोपचा अंत होता. साबिन ती प्रकरणं वाचून मान डोलवायचा आणि त्याच्या पोटात सहा वर्षांचं एक पोर चोरासारखं अंग आकसून बसायचं. कारण खरं एवढंच होतं की त्याला शेवट माहीत नव्हता. आयुष्यभर तो ते एकच गाणं लिहीत आला होता आणि दर वेळी त्याच पायरीवर त्याला झोप लागायची. ट्रामवाल्या पात्रुला जे छतातून कळलं ते कोलोनला कळलं नव्हतं.

तरुणपणी एकदा तो टेपरेकॉर्डर घेऊन गावी गेलाही होता. बाया म्हणाल्या, म्हणू की, मेलंय कोण? कुणी नाही, म्हणाला. मग कसं म्हणायचं? उगीच म्हटलं तर पहाट विचारेल, माणूस कुठाय, आणि मोकळ्या हातानं ती परत जात नसते. साबिन अडून बसला. शेवटी बाकावर आडवा झाला, हात छातीवर ठेवले, डोळे मिटले. बाया भोवती उभ्या राहून त्याच्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग त्यांतली म्हातारी म्हणाली, "श्वास घेतोय मेला," आणि सगळ्या मक्याच्या रानात खुरपायला निघून गेल्या.

"वेताबाई, तुम्हाला येते ना पहाट?"

"न यायला काय झालं. गावात माझ्याशिवाय कोण होतं म्हणायला."

"मग तुम्हीच म्हणा की."

"आपल्या माणसाला आपण नाही म्हणत, मास्तर. तुम्ही गोर्झचे ना? घरच्या बाईनं रडायचं, परक्या बाईनं म्हणायचं. घरचीचा आवाज ऐकला की मेलेलं वळून बघतं, आणि बघतच राहतं. मग वाट चुकतं. आमच्या पात्रुला तर रूळ सोडून चालायची सवयच नाही. असा माणूस एकदा चुकला की गेला."

साबिन अंधारात थोडा पुढं सरकला. विचारू नये ते विचारल्यासारखं तो हळूच म्हणाला, "त्याचा शेवट कसा आहे हो?"

"कशाचा?"

"त्या गाण्याचा. संपतं कसं ते?"

"संपतं म्हणजे?" वेताला प्रश्नच समजला नसावा. "सकाळ होते."

झालं. खेडवळ बायांचं हे असंच. सरळ विचारावं तर आभाळाकडे बोट. त्यानं ओठ चावला. शनिवारी नव्या रचनेचा पहिला प्रयोग होता. परवानगीसाठी ती कितीतरी वर्षं कपाटात पडून होती, आणि अखेर सरकारी समितीनं परवानगी दिली होती ती एका अटीवर: हिला शेवट हवा. समितीचा अध्यक्ष स्वभावानं चांगला होता, पूर्वी बॅंडमध्ये ढोल वाजवायचा. तो म्हणाला होता, "कॉम्रेड द्रागोता, लोक दिवसभर राबून येतात. टाळ्या कधी वाजवायच्या हे त्यांना कळलं पाहिजे की नको? गेल्या खेपेला माझी बायको पंधरा मिनिटं पर्स हातात घेऊन बसली होती." शेवटाचं पान आलं नाही तर रचना कपाटात परत, आणि तिच्यासाठी ज्यानं आपली मान पुढं केली होती तो वाद्यवृंदाचा संचालक ऑक्ताव, तोही कुठल्यातरी कपाटात. साबिननं दहा शेवट लिहून पाहिले होते. दहाही खोटे होते. ढोल वाजवणाऱ्याला आवडले असते, पण भट्टीवरच्या पोराला फसवता येत नव्हतं.

"बायांना मी शिकवतो," तो म्हणाला. म्हटल्यावर त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. "मी काही तुमच्या घरचा नाही. चाल मला येते. शब्द तुम्ही नुसते बोलून सांगा, बोलायला तर हरकत नाही ना? इमारतीतल्या बायका गोळा करा. संध्याकाळी शिकवतो."

अंधारात वेतानं पातेलं जवळ ओढलं.

"तुम्हाला सबंध येते?"

"शेवटचं थोडं सोडून."

"मग सगळीच येते की," ती म्हणाली, आणि तेवढ्यात वीज आली, आणि पातेलं छातीशी धरलेली एक बुटकी बाई आणि टाय सैल झालेला एक म्हातारा, फरशीवर समोरासमोर बसलेले, वर जाऊ लागले.

बायका तीन मिळाल्या. तीनच हव्या होत्या असं नाही, विषम हव्या होत्या. पाचव्या मजल्यावरची चौथी यायला तयार होती पण तिला वेतानं गव्हाचा चमचा देऊन परत पाठवलं. पहिली अग्लाया, ऑपेराच्या कोरसमध्ये जन्म घालवून निवृत्त झालेली. गळा अजून असा की नुसतं मीठ मागितलं तरी पडदा वर गेल्यासारखं वाटावं. दुसरी सुल्ताना, तळमजल्यावरच्या दुधाच्या दुकानात बाटल्या मोजणारी. तिचा आवाज रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचण्यासाठी घडवलेला होता. तिसरी फिला, शाळेत भूमिती शिकवायची, आणि आपल्याला गाता येत नाही हे तिनं आल्या आल्या सगळ्यांना सांगून टाकलं. वेताच्या स्वयंपाकघरात त्या तिघी टेबलाभोवती बसल्या. पलीकडच्या खोलीत पात्रु होता, गणवेशाच्या कोटात, पाय दाराकडे, डोक्याशी मेणबत्ती. मधलं दार उघडंच होतं. सगळं त्याच्या देखत चाललं होतं म्हणा.

साबिननं टेबलावर बोटानं ताल धरला आणि चाल सांगितली. वेता भांडी पुसता पुसता शब्द सांगत होती, हिशेब सांगावा तशा सपाट आवाजात, चुकूनसुद्धा सूर लागू नये म्हणून दात आवळून. "बहिणींनो, येऊ नका, त्याचे बूट पुसायचेत." "बहिणींनो, येऊ नका, त्याच्या टोपीचं बटण लावायचंय."

"टोपीचं बटण?" फिला म्हणाली. "हे जुन्या गाण्यात आहे?"

"जुन्यात ज्याचं त्याचं असायचं. पात्रुला मेंढरं नव्हती, मग मेंढरांचं कशाला म्हणायचं? ट्राम घाला. घंटी घाला. पहाटेला खोटं सांगितलेलं चालत नाही."

"पहाटेला काय कळतंय ट्रामचं," सुल्ताना म्हणाली. "ती काय तिकीट काढते?"

"पहिली ट्राम तीच बघते," वेता म्हणाली. "तुझं दूध येतं त्याच्याआधी."

अग्लायानं डोळे मिटून सुरुवात केली आणि तो सूर असा काही थरथरला की शेगडीवरच्या झाकणानं साथ दिली. साबिननं तो थरथराट हातानं दाबल्यासारखा दाबला. सरळ, अग्लायाबाई, सरळ, टकळीच्या दोऱ्यासारखा. मग हळूहळू, चालीवर चाल घोटत, त्यानं तिघींना एकत्र आणलं. शब्द एका वेळी, श्वास एका वेळी. कोरसचा मास्तर करतो तसं त्यानं केलं, कारण हात आपोआप तेच करतात. तिघींचा मिळून एकच आवाज झाला, गुळगुळीत, एकसंध. सुल्ताना स्वतःवरच खूश झाली. फिलाच्या गालांवर लाली आली. वेतानं हातातलं ताट खाली ठेवलं.

"असं नको, मास्तर."

"का? चुकलं कुठं?"

"चुकलं नाही. पण एका आवाजात म्हटलं तर त्याला वाटेल एकच बाई आली. म्हणेल, आयुष्यभर इतकी माणसं नेली-आणली, आणि मला पोचवायला एकटीच."

साबिनचं बोट टेबलावर होतं तिथं थांबलं. वाद्यवृंदातले व्हायोलिनवाले आठवले, त्याच्या रचना हातात घेतल्या की कपाळाला हात लावणारे. म्हणायचे, मास्तर, एकत्र वाजवायला शिकण्यात आमची निम्मी हयात गेली, आणि तुम्ही लिहिता, एकत्र वाजवू नका. त्यांना तो समजावून सांगायचा. आवाजांचे थर, एकाच रेषेच्या अनेक छाया, काळाचं विरघळणं. प्राध्यापकानं त्याला एक लांबलचक जर्मन शब्द दिला होता, उच्चारताना मध्ये पाणी प्यावं लागे असा. साबिन तो शब्द वापरायचा. पण तो एवढंच लिहीत होता की पाच बाया तशा म्हणत होत्या. का म्हणत होत्या, हे त्याला आज कळत होतं. मोजता याव्यात म्हणून. मेलेल्याला कळावं, आपल्यासाठी इतक्या जणी उठून आल्या. त्याच्या आईनं मोजल्या असतील. पाच. त्याला एकाएकी इतकं बरं वाटलं, आणि लगेच इतकं वाईट, की तो पाणी प्यायच्या निमित्तानं नळाशी गेला.

मग त्यानं तिघींना सोडून दिलं. आपापल्या पायानं चाला म्हणाला. अग्लायाला ते सगळ्यात जड गेलं; सारा जन्म शेजारणीच्या श्वासावर श्वास ठेवून गेलेली बाई. चाल त्यानं कागदावर उतरून दिली होती, शब्दांसकट, आणि कागद जिथं संपत होता तिथं खाली रिकामी जागा होती. ती सगळ्यांनी बघितली. फिलानं तर बोटच ठेवलं तिच्यावर. "इथं पुढं?" साबिननं वेताकडे पाहिलं. वेता गव्हावर साखरेचा क्रूस काढत होती. "उद्याचं उद्या," ती म्हणाली.

उजाडायच्या आधी ते चौघं नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभे होते. बाल्कनी एवढीशी, एका कोपऱ्यात मुरवलेल्या कोबीचं पिंप, वर कपडे वाळत घालायच्या तारा. समोर तशाच आणखी दोन इमारती, आणि दोघींच्या मध्ये आभाळाची एक फट. उगवत तिकडं होती. खोलीत पात्रुजवळ वेता उभी होती, डोईच्या रुमालाच्या टोकाचा बोळा तोंडात धरून. आतून एखादा सूर निसटू नये म्हणून. खाली दुधाची रांग केव्हाचीच लागली होती. माणसं दिसत नव्हती, नुसता बाटल्यांचा किणकिणाट वर येत होता. साबिननं टाय सरळ केला. इतक्या मोठमोठ्या सभागृहांत तो कधी घाबरला नव्हता, म्हणजे घाबरला होता, पण असं नाही. त्यानं मान हलवली.

पहिली फिला निघाली, जिला गाता येत नव्हतं ती. पातळ, सरळ, रेघ मारल्यासारखी. तिच्या मागून सुल्ताना, आणि कुणाला तरी आधी जाऊ द्यायचं असल्यासारखी अग्लाया, सगळ्यांच्या शेवटी. बहिणींनो, येऊ नका. त्याचे बूट पुसायचेत. साबिनला पहिल्या तीन ओळींत चुका ऐकू आल्या. चौथीत आल्या नाहीत. पाचवीपासून त्यानं ऐकणंच सोडलं, कारण आवाज बाल्कनीत राहिला नव्हता. तो समोरच्या भिंतींवर जाऊन आपटत होता आणि थोडा उशिरा, थोडा वेगळा होऊन परत येत होता, आणि तिघींच्या सहा होत होत्या, सहांच्या बारा. सिमेंटच्या त्या कुरूप डब्यांनी आपापली खिडकी न् खिडकी उघडून म्हणायला लागावं तसं. कुंपण नव्हतं, विहीर नव्हती, डोंगर नव्हता. पण तोच होता. खालचा किणकिणाट बंद पडला होता. त्यानं कठड्यावरून वाकून पाहिलं: अंधुक उजेडात रांगेतल्या माणसांनी टोप्या काढल्या होत्या, आणि सगळी तोंडं वर होती.

कागद संपला.

त्याला माहीत होतं संपणार. तरी ती रिकामी जागा आली तेव्हा त्यानं कठडा घट्ट धरला. तीच पायरी. आता तिघी थांबतील, कडा तुटल्यासारख्या, आणि आभाळ अजून राखाडीच आहे, फटीत काहीच नाही, आणि पात्रु रूळ सोडून उभा. फिलाच्या हातातला कागद खाली आला. तिनं आत बघितलं. वेतानं तोंडातला बोळा काढला.

"अजून आली नाही," ती साध्या आवाजात म्हणाली. "काय काय राहिलंय त्याचं ते सांगा तिला."

मग सुल्तानानं तोंड उघडलं. बहिणींनो, येऊ नका, त्याची अर्धा लिटरची बाटली माझ्याकडे राहिलीय. त्याच चालीवर. मग फिला, घाईघाईनं, शब्द चालीत कोंबत: येऊ नका, एकदा पावसात मला बघून त्यानं थांबा नसताना ट्राम थांबवली, त्याचे आभार मानायचे राहिलेत. मग अग्लाया, आणि तिच्या आवाजात आता ऑपेरा औषधालाही नव्हता: येऊ नका, मी जिन्यात म्हणायचे तेव्हा तो दार उघडून उभा राहायचा, मी कधी वर बघितलं नाही. येऊ नका. त्याचा चष्मा. त्याचे हातमोजे. त्यानं लावलेली मिरची. साबिनच्या हाताला करायला काही उरलं नव्हतं. जे कुठल्याच कागदावर नव्हतं ते चाललं होतं, आणि ते कितीही चालू शकलं असतं, कारण माणसाचं राहिलेलं काही संपत नाही. दोन इमारतींच्या मागं पहाट उभी होती. त्याला पुन्हा दिसली, पदर तोंडावर. ती थांबली होती. तीन बायकांनी आणि एका अर्ध्या लिटरच्या बाटलीनं तिला थोपवून धरलं होतं.

मग समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची एक अँटेना पेटली. फटीतून उन्हाची एक पट्टी आली आणि बाल्कनीच्या डाव्या कडेला टेकली, जिथं अग्लाया उभी होती. ऊन तिच्या ओठांवर पडलं आणि ओठ मिटले. कुणी सांगितलं नव्हतं. ओळ तिथं पुरी झाली नव्हती. तीस वर्षं कोरसमध्ये दुसऱ्यांबरोबर थांबलेली ती बाई एकटीच थांबली, आणि दोघी पुढं जात राहिल्या. पट्टी सरकली. सुल्तानानं एक डोळा बारीक केला आणि तिचा आवाज गेला, दुकानाचं दार लोटावं तसा. उरली फिला, उजव्या कोपऱ्यात, सावलीत, पिंपाजवळ, तिची पातळ रेघ एकटी हवेत निघालेली. बहिणींनो, येऊ... म्हणता म्हणता ऊन तिच्या तोंडावर आलं.

अर्धा शब्द. भट्टीवर ऐकला होता तसाच.

शांतता. आत वेतानं फुंकर घालून मेणबत्ती विझवली. मग ती बाहेर आली, तिनं एकेकीच्या हातात भाकरीचा तुकडा ठेवला, आणि तिघी तिथंच उभ्या राहून खाऊ लागल्या, भाकरीचे कण कोटावर सांडत. साबिनच्या चेहऱ्यावर ऊन होतं. कोमट होतं. पाठीमागची भिंतही. तो हलला नाही. हलला असता तर काहीतरी सांडलं असतं.

"तुम्हीपण घ्या, मास्तर," वेता म्हणाली. तिचे डोळे सुजले होते पण आवाज मोकळा होता. "गेला नीट. एकदासुद्धा मागं बघितलं नाही त्यानं."

"लहान पोर जागं होतं का, हे बघायलासुद्धा नाही?"

तिनं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. कुणाचं पोर, असं विचारलं नाही. "पोर दिसतं त्यांना," ती म्हणाली. "त्यासाठी वळावं लागत नाही."

तो एक मजला उतरून खाली आला तेव्हा दाराआड फोन वाजत होता. बराच वेळ वाजत असावा. वरच्या मजल्यावर शवपेटी उचलायला जमलेल्या माणसांचे पाय वाजत होते. लिफ्टमध्ये मावत नव्हती, नऊ जिने खांद्यावरून न्यायची होती. पियानोवर दहा खोटे शेवट पसरलेले होते. त्यांच्याकडे न बघता त्यानं रिसीव्हर उचलला.

"साबिन? अरे, वाद्यवाल्यांसाठी नकला उतरवणारे येऊन बसलेत इथं," ऑक्ताव म्हणाला. "कॉफी पिऊन संपली त्यांची. पान झालं का?"

"झालं. ऑक्ताव, सभागृहाला उगवतीकडे खिडकी आहे का?"

"काय?"

"पडद्यामागं असेल तरी चालेल. आणि प्रयोग संध्याकाळी नको. पहाटे ठेव. वाद्यवाल्यांना खिडकीकडे तोंड करून बसवायचं. ज्याच्या तोंडावर ऊन येईल त्यानं थांबायचं. ओळ पुरी करायची नाही."

तिकडं मागं कुणीतरी रिकाम्या कपात चमचा वाजवत होतं. शेवटी ऑक्ताव बोलला तेव्हा त्याचा आवाज आजाऱ्याशी बोलताना करतात तसा मऊ झाला होता.

"समितीला मी काय सांगू? टाळ्या कधी वाजवायच्या?"

"उजाडलं की. अध्यक्षांच्या बायकोला समजेल."

"साबिन, खरं सांग. तुला झोप लागली नाही का?"

जिन्यावरून पात्रुला उतरवत होते. खांदा बदलताना कुणीतरी म्हणालं, हळू, वळणावर हळू. साबिननं दाराची चौकट धरली. भट्टीच्या कडेवरचं पोर सरळ बसलं होतं, डोळे टक्क उघडे, तोंडावर ऊन.

"नाही," तो म्हणाला. "मी झोपलोच नव्हतो."